धंदा बदलायचा म्हणजे काय करायचे?

शिक्षकी संपल्यापासून दर रविवारी सकाळी मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात बसतो. बाहेर पाटी आहे : 'व्यवसाय-मार्गदर्शन'. ती वाचून आत येणारा बहुधा पहिलाच प्रश्न करतो, "सर, कुठे लावून देता का?" लावून देणे हे माझे काम नव्हे. मग तुम्ही करता तरी काय, असे आमचे कार्यकर्ते मित्रही विचारतात. त्यांच्या विचारण्यात थोडा उपहास असतो, आणि तो अगदीच गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही.

या शास्त्राचा उगम अमेरिकेतला. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली बोस्टन शहरात असे एक केंद्र काढले. गरीब आणि परदेशातून आलेल्या कुटुंबांतील तरुणांना मिळेल त्या कामाला जुंपले जाते, हे त्याला खटकत होते. त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक १९०९ साली निघाले. त्याची पद्धत सरळ होती : माणसाने स्वत:ला ओळखावे, कामांची नीट माहिती घ्यावी, आणि मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. पुढे डोनाल्ड सुपरसारख्या अभ्यासकांनी त्यात भर घातली. ही निवड जन्मात एकदाच होत नाही, वय आणि परिस्थितीबरोबर ती पुन्हा पुन्हा करावी लागते, असे त्यांनी मांडले.

पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे : दार उघडे असल्याची. आपल्याकडे दारच जातीने बंद केलेले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात हाच मुद्दा अर्थशास्त्राच्या अंगाने मांडला आहे. उद्योगाचे रूप सतत पालटते, तेव्हा माणसालाही धंदा पालटता आला पाहिजे. जात ते करू देत नाही, म्हणून जात हे बेकारीचे एक थेट कारण ठरते. मार्गदर्शनाचा विचार करणाऱ्या आपल्या माणसाने सुरुवात पार्सन्सपासून नव्हे, इथून करावी असे मला वाटते.

माझे मामा गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार जास्त. पण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात जागाच नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. मामा लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी आपल्या लोकांची वाट रिंग खात्याकडेच वळत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत मामाही होते. दोन वर्षे गाव आणि मुंबई असे हेलपाटे घालून शेवटी ते एका इमारतीवर वॉचमन झाले. चात्यांच्या आवाजावरून कुठे काय बिघडले आहे हे सांगणारा माणूस! त्यांना काय येते, हे त्या दोन वर्षांत कोणीही विचारले नाही. आणि आपल्याला काही येते हे त्यांनाही वाटत नव्हते. "आम्ही गिरणीतले" एवढेच ते सांगत. मार्गदर्शनाने गिरणी उघडली नसती. पण धंद्याचे नाव आणि हातातले कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव बुडाले तरी कसब दुसरीकडे नेता येते, एवढे तरी त्यांना कळले असते. माझ्या मते या कामाचा गाभा हाच.

शहरात पैसे घेऊन कल चाचण्या करणारे पुष्कळ झाले आहेत. चाचणी वाईट नसते. परंतु जे काम मुलाने कधी पाहिलेच नाही, ते आवडते का, या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? आमच्या पोरांना आधी माणसे भेटवावी लागतात.

मागच्या वर्षी एक बी.कॉम. झालेला मुलगा आला. वडील सफाई खात्यात, निवृत्तीला आलेले. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून आपल्या राज्यात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. शासनाने २०२३ साली ते नियम पुन्हा एकत्र करून जाहीर केले. राहते घर नोकरीचे. वारसाने जागा घेतली नाही तर घर जाणार. मुलगा म्हणाला, "पदवी घेऊन झाडूच धरू का?" वडील म्हणत, "बाहेर भाडं कोण भरणार?" आमच्या एका कार्यकर्त्याने त्याला बजावले होते की झाडूला हात लावलास तर चळवळीशी गद्दारी होईल. त्या कार्यकर्त्याचे स्वत:चे घर होते.

"घे" म्हणालो असतो तर मी जातीचाच दलाल ठरलो असतो, आणि "सोड" म्हणालो असतो तर त्याच्या आईला रस्त्यावर काढणारा. पहिल्या रविवारी मी फक्त ऐकले. तास-दीड तास तो लाजेबद्दलच बोलला. दुसऱ्या खेपेला त्याला चार माणसांकडे धाडले : वारसा नोकरी घेऊन खात्यातच राहिलेले दोघे, आणि ती न घेता बाहेर पडलेले दोघे. पगार, घर, बदली, खात्यांतर्गत परीक्षा, दारू, सगळे विचारून ये म्हटले. मला ठाऊक नव्हते असे बरेच तो घेऊन आला. बोलता बोलता हेही निघाले की हा वस्तीतल्या तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहितो. ते त्याला 'काम' वाटतच नव्हते. तिसऱ्या रविवारी वडिलांना घेऊन आला. बापलेक या विषयावर प्रथमच न भांडता बोलले.

निर्णय त्यांनी केला, मी नाही. त्याने जागा घेतली. पण कागदावर मुदत लिहून : दोन वर्षे, तेवढ्यात कारकुनाची परीक्षा नाहीतर हिशेबाची नोकरी. तो कागद तो दर तीन महिन्यांनी मला दाखवायला आणतो. गेल्या खेपेस 'दोन' खोडून 'तीन' केलेले दिसले. कारण विचारले. म्हणाला, "सर, बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय."