जुन्या ट्रान्झिस्टर-विवर्धकांतील दोषशोधन

गिटारसाठी फेंडर कंपनीने १९६६ साली ट्रान्झिस्टर-विवर्धक बाजारात आणले. त्या पिढीतील यंत्रात जळालेला प्रदान-ट्रान्झिस्टर बदलला की दुरुस्ती संपली, असे मानण्याचा मोह होतो. परंतु पुष्कळदा नवा ट्रान्झिस्टरही क्षणार्धात जळतो. अशा अनेक मंडलांत लागोपाठचे टप्पे थेट जोडलेले असतात व एकाचा बिघाड शेजाऱ्यांना ग्रासतो, हे त्याचे कारण होय.

म्हणून प्रथम वीज तोडून मोठी धारित्रे निर्भारित करावीत. नंतर चालक-ट्रान्झिस्टर, बायसचे डायोड आणि उत्सर्जकातील अल्पमूल्य रोधक तपासावेत. भाग बदलल्यावर ध्वनिक्षेपक न जोडता, ६० ते १०० वॉटचा तंतूचा बल्ब वीजपुरवठ्याशी एकसरीत ठेवून यंत्र चालू करावे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर राहिला तर दोष शिल्लक आहे. शेवटी एकदिश दाब मोजावा. धन-ऋण पुरवठ्याच्या मंडलात तो प्रदान-टोकावर शून्याजवळ असावा. एकेरी पुरवठ्याच्या मंडलात प्रदान-धारित्राआधीच्या मध्यबिंदूवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा असावा. ही कसोटी उतरल्यावरच ध्वनिक्षेपक जोडावा. अन्यथा त्याचे वेटोळेही जळण्याचा संभव असतो.