गाणं त्यांचं, साइट यांची... मग चोर कोण?

नवं गाणं आलं की कुणीतरी ते नेटवर चढवतं आणि आपण फुकटात ऐकतो. टाकलं कुणी, हक्क कुणाचा, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. टी-सिरीजला मात्र पडले! 'मायस्पेस'वर युजर्स आपली गाणी बिनदिक्कत टाकतात, म्हणून कंपनीने थेट दिल्ली हायकोर्ट गाठलं.

टी-सिरीजचं म्हणणं साधं होतं. जागा तुमची, जाहिरातींचे पैसेही तुम्हाला, मग जबाबदारी का नको? २०११ मध्ये एकल न्यायाधीशांना हे प्रथमदर्शनी पटलं. पण २३ डिसेंबर २०१६ ला त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाने चित्र पालटलं. साइटवर चोरीचा माल असेल, असा मोघम अंदाज पुरत नाही. नेमकं कोणतं गाणं आणि कुठे, हे साइटला ठाऊक हवं. नुसती भलीमोठी यादी नको, लिंक द्या. मग ३६ तासांत साइटने ते काढायचं.

का बरं एवढी सूट? कारण प्रत्येक गोष्ट आधी तपासायची म्हटलं, तर घाबरलेली साइट तुमची शॉर्टफिल्मही उडवेल, तीही तुमची स्वतःची! खासगी सेन्सॉरशिपची ही भीती कोर्टानेही बोलून दाखवली.

पटतं. पण मी फ्रीलान्सर, शब्दांवर पोट भरते, त्यामुळे दुसरी बाजूही टोचते. मोठ्या कंपनीकडे लिंका शोधायला माणसं असतात. घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या एकट्या पोराकडे कोण आहे? नोकरी सांभाळून रात्री त्यानेच आपली चोरीला गेलेली गाणी हुडकायची. एक काढलं, की दुसरीकडे पुन्हा हजर!

तरी हातात काहीच नाही, असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात आणि २०१३ च्या नियमांत सोय आहे. साइटला लेखी तक्रार करा. कलाकृतीचं वर्णन, मालकीचा तपशील, नेमकी लिंक, आणि कोर्टात जाऊन २१ दिवसांत आदेश आणण्याची हमी, एवढं त्यात हवं. खरी मेख इथेच आहे, बॉस. आदेश आला नाही, तर साइट तो माल पुन्हा खुला करू शकते.

थोडक्यात, साइटला ३६ तास, तुम्हाला २१ दिवस आणि वकिलाची फी! तेव्हा निदान मूळ फाइल्स आणि तारखा जपून ठेवा. भांडायची वेळ आली, तर 'हे माझंच' म्हणायला तेवढंच कामी येईल.