पारा, पाटी आणि सुट्टी

एप्रिल उजाडला की मराठवाड्यात शाळेच्या सुट्टीवरून दोन तट पडतात. लेकरं उन्हात होरपळतात, शाळा लवकर बंद करा, असं एकाचं म्हणणं. दीड महिना घरी बसली की वर्षभर शिकवलेलं धुऊन निघतं, सुट्टी कमी करा, असं दुसऱ्याचं. २०२५मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने परीक्षा २५ एप्रिलपर्यंत गेल्या तेव्हा हा वाद चांगलाच तापला. त्या वर्षी २ मेपासून सुट्टी लागली. विदर्भातल्या शाळा २३ जूनला भरल्या, बाकी राज्यातल्या १६ जूनला. मराठवाड्यातला धाराशिव जिल्हा अर्थातच 'बाकी राज्यात' मोडला.

२ मे ते १४ जून म्हणजे ४४ दिवस. त्यातले सहा रविवार काढले तर उरतात ३८. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरात रविवार सोडून ७६ सुट्ट्या देता येतात. म्हणजे निम्म्या सुट्ट्या एकट्या उन्हाळ्यात संपतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. उन्हाळ्यात एक आठवडा वाढवायचा तर तो दिवाळीतून काढावा लागतो, नाहीतर अभ्यासाच्या दिवसांतून. म्हणूनच सुट्टीची लांबी ठरवताना दोन गोष्टी नीट तपासायला हव्यात : ऊन अभ्यासाचं काय करतं आणि विसर अभ्यासाचं काय करतो.

पत्र्याखालचा वर्ग

आधी उन्हाचं पाहू. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर वाऱ्याने अंगातली उष्णता निघून जाते. हवा ४० अंशांवर गेली की हिशेब उलटतो. मग पंख्याचा वाराही उष्णता अंगावर आणून टाकतो. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. लहान मुलांची इथे दुहेरी अडचण होते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून बाहेरची उष्णता जास्त शोषली जाते, आणि घाम मोठ्या माणसांपेक्षा कमी येतो.

त्यात खोली पत्र्याची असेल तर दुपारी बारानंतर तापलेला पत्रा वरून उष्णतेचा मारा करत राहतो. वर्गातली हवा सावलीतली, पण डोक्यावर मात्र ऊन असल्यासारखंच. धाराशिवची मे महिन्यातली हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच वाळतो. सदरा ओला होत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं हे पोराला कळतच नाही. नेमक्या याच दिवसांत गावात टँकर सुरू झालेला असतो.

या उन्हाचा अभ्यासावर परिणाम होतो का? होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेत सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे निकाल तापमानाशी ताडून पाहणारा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचं वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं, तर त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्याने घटतं, असं त्यात दिसलं. जिथे वर्गात वातानुकूलन होतं तिथे हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. युनिसेफच्या हिशेबाप्रमाणे २०२४मध्ये हवामानाच्या तडाख्याने जगातल्या २४ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळेत खंड पडला. त्यात सर्वांत मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता.

तेव्हा मे महिन्यात दुपारची शाळा भरवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मार्चअखेरीस सकाळची शाळा सुरू होते ती याच कारणाने. पण सरकारी व्याख्येतली एक गंमत ध्यानात घ्यावी. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायची तर पारा किमान ४० अंशांवर हवा आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा तो साडेचार अंशांनी चढलेला हवा, किंवा थेट ४५ला टेकलेला हवा. धाराशिवला मे महिन्यात चाळिशी नेहमीचीच. त्यामुळे ४२ अंशांतही कागदोपत्री लाट नसते. मुलाचं शरीर मात्र सरासरी पाहून तापत नाही.

४०३ वजा १६८

आता विसराकडे वळू. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात चौथीत आलेल्या मुलाला फळ्यावर ४०३ वजा १६८ द्या. बरीच मुलं ३६५ लिहितात. एककात ३मधून ८ जात नाहीत, म्हणून ती ८मधून ३ काढतात. दशकात ०मधून ६ जात नाहीत, तर ६च तसेच खाली उतरवतात. शतकात ४मधून १. मुलाला वजाबाकी येते. त्याला आठवत नाही ती फक्त हातच्याची रीत, शून्याला ओलांडून शतकाकडून उसनं घेण्याची. बरोबर उत्तर २३५ आहे.

असं का होतं याचं एक जुनं उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये दिलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने तेच पुन्हा पाठ करायचे आणि किती श्रम वाचले ते मोजायचं, असा प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के श्रम वाचले, सहा दिवसांनी २५ टक्के, ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे बहुतेक पडझड पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होते. पुढे आलेख सपाट होत जातो. अर्थपूर्ण गोष्टी याहून बऱ्याच जास्त टिकतात, पण आलेखाचा आकार असाच राहतो.

सुट्टीच्या वादात हा आकार फार कामाचा आहे. सहा आठवड्यांच्या सुट्टीचे पाच केले तर विसर फारसा कमी होणार नाही. उलट सहा आठवड्यांत चार वेळा थोडी उजळणी झाली तर पुष्कळ टिकेल. सुट्टीचा एक दिवसही न कापता ते साधतं. फिनलंडमध्ये उन्हाळी सुट्टी सुमारे दहा आठवड्यांची, जर्मनीत सहा आठवड्यांची, जपानमध्ये साधारण ४० दिवसांची. नुसत्या लांबीवरून मुलं किती शिकतात हे ठरत असतं, तर या देशांचे निकाल सुट्टीच्या क्रमाने लागले असते. तसं होत नाही.

मग फरक कशाने पडतो? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळ्यात सरासरी महिनाभराचं शिकणं मागे जातं, वाचनापेक्षा गणित जास्त मागे जातं, असं त्यांना आढळलं. वाचनात मात्र घराघरांत फरक होता. मध्यमवर्गीय मुलं सुट्टीत थोडी पुढे सरकली, गरीब घरची मागे पडली. घसरण नेमकी किती, यावर संशोधकांत आजही वाद आहे. शाळेचं दार पूर्ण बंद झालं तर काय होतं, हे मात्र आपल्याकडे कोविडने दाखवलं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१मध्ये पाच राज्यांतल्या १६ हजारांहून अधिक मुलांना तपासलं. ९२ टक्के मुलं भाषेतलं आणि ८२ टक्के मुलं गणितातलं किमान एक कौशल्य विसरली होती.

फडावरून परतलेल्या मुलांची सुट्टी

धाराशिवमध्ये हा विसराचा प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत सर्वांत टोकदार होतो. भूम, वाशी, कळंब भागातली कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सोबत लेकरं असतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, त्यांचा मुक्काम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. गळीत हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो. मूल गावी परततं आणि आठ-पंधरा दिवसांत शाळेला सुट्टी लागते. हंगामी वसतिगृहामुळे जी मुलं गावात राहतात त्यांची शाळा टिकते. जी फडावर जातात त्यांच्या हिवाळ्यातल्या खंडाला उन्हाळ्याचा खंड जोडला जातो. इतरांना दीड महिना सुट्टी, यांना सहा-सात महिने.

ऊन शाळेबाहेरूनही अभ्यासात शिरतं. भारतातल्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतल्या चाचण्या आणि तापमानाच्या नोंदी जुळवून तीन संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं, की वर्षात कडक उन्हाचे दिवस वाढले की पुढच्या वर्षी ग्रामीण मुलांचे गुण घटतात. त्यामागे पिकाचं नुकसान आणि घरातली ओढाताण ही मुख्य कारणं. रोजगार हमीचं काम होतं तिथे हा फटका सौम्य झाला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर जगलेल्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. दुष्काळी भागात सुट्टीतही शाळेचा पोषण आहार द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये आणि पुन्हा २०१६च्या दुष्काळात सांगितलं, तेही याच जाणिवेतून.

तेव्हा हिशेब असा मांडावा. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा, हे सहा आठवडे धाराशिवला योग्य आहेत. ते कापू नयेत आणि सरसकट वाढवूही नयेत. शाळा कधी बंद करायची आणि कधी उघडायची, हे महसुली विभागावरून ठरवण्याऐवजी जिल्ह्याच्या तापमानाच्या नोंदींवरून ठरवावं. मे महिन्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस सकाळी सात ते नऊ शाळेची एक खोली उघडी ठेवावी. तिथे गोष्टीची पुस्तकं, थोडं गणित, पिण्याचं पाणी आणि खाऊ असावा. फडावरून परतलेल्या मुलांना तिथे आधी घ्यावं. हे काम शिक्षकांच्या सुट्टीवर डल्ला मारून करू नये. डी.एड. करून घरी बसलेले तरुण गावोगाव आहेत, त्यांना मानधन द्यावं. आणि जूनमध्ये नवं पुस्तक उघडण्याआधी दोन आठवडे मागच्या वर्षाची उजळणी ठेवावी.

सुट्टी मुलांच्या हक्काची आहे, ती पूर्ण मिळायलाच हवी. ऊसतोड्याच्या मुलाला मात्र आधी शाळा पूर्ण मिळाली पाहिजे.