माजी सैनिकांवर संशोधन करताय? आधी यादीतून कोण निसटलं ते बघा

वैद्यकीय महाविद्यालयात दोन प्रकारचे सत्कार तुम्ही पाहिले असतील. एक विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा. आयसीएमआरचा एसटीएस प्रकल्प मंजूर झाला, परिषदेत पोस्टरला बक्षीस मिळालं, की अधिष्ठाता मंचावर बोलावून प्रमाणपत्र देतात. दुसरा माजी सैनिकांचा. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून ही तारीख आता माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, चहा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, तर आजचा विद्यार्थी हाच उद्याचा लष्करी डॉक्टर.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि पुलगावला लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला 'माजी सैनिकांचं आरोग्य' हा विषय सुचणं अगदी साहजिक आहे. विषय चांगलाच आहे. पण त्यात एक खड्डा आहे, आणि तो प्रस्ताव लिहिण्याआधी दिसला तर बरं. आज त्याबद्दल.

समजा तुम्ही विषय घेतला: 'कारंजा (घाडगे) तालुक्यातील माजी सैनिकांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण'. एसटीएसला २ महिने मिळतात. तुम्ही १०० माजी सैनिकांचा रक्तदाब मोजला, ३० जणांचा वाढलेला निघाला. त्याच वयाच्या इतर १०० पुरुषांत ३५ निघाले. (हे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, खऱ्या सर्वेक्षणाचे नाहीत.) आता निष्कर्ष काय लिहाल? 'लष्करी शिस्तीमुळे रक्तदाब कमी राहतो' असं लिहायचा मोह होईल. टाळ्याही मिळतील. पण जरा थांबा. तुमच्यासमोर बसलेले हे १०० जण तिथपर्यंत कसे पोचले ते बघू.

पहिली चाळणी भरतीची. भरतीला धावणं, छाती, डोळे, कान, हृदय, सगळं तपासतात. ज्याच्यात दोष सापडला तो घरी परत. म्हणजे सैनिकांचा गट अठरा-वीस वर्षांच्या वयातच निवडून घेतलेला असतो. तुमच्या तुलनेतल्या 'इतर पुरुषां'त मात्र भरतीत नापास झालेलेही आहेत.

दुसरी चाळणी नोकरीतली. सैनिकाची वैद्यकीय श्रेणी वेळोवेळी ठरते. आजार वाढला तर मेडिकल बोर्ड त्याला लवकर घरी पाठवतं. तो तुमच्या यादीत आहे का, हे 'माजी सैनिक' कोणाला म्हणायचं यावर ठरतं. हा शब्द बोलायला सोपा, पण सरकारी नियमांत त्याची ठरलेली व्याख्या आहे आणि लष्करात राहून आलेला प्रत्येक जण तीत बसत नाही. २०२२ च्या अग्निवीर योजनेचंच बघा. ४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणून प्रस्तावातच लिहून टाका की तुमच्या अभ्यासापुरता माजी सैनिक कोण.

तिसरी चाळणी तुम्ही स्वतः लावता. शिबिर तहसीलच्या गावी ठेवलं तर चालता-फिरता माणूस येतो. पुलगावच्या बाजूला जाऊन माणसं गाठायची म्हटलं तर कारंज्याचा सैनिक आर्वीमार्गे तेवढा प्रवास करू शकला तरच तुम्हाला भेटणार. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, मुलाकडे नागपूरला राहायला गेलेला, 'मले काई नाई झालं, मी फौजी आहो' म्हणून दारातूनच परत पाठवणारा, हे तिघंही तुमच्या तक्त्यात नाहीत.

आता याच आकड्यांवर थोडं गणित करू. समजा पूर्ण यादी १६० जणांची होती आणि ६० जण तुम्हाला भेटलेच नाहीत. त्या ६० पैकी निम्म्यांचा, म्हणजे ३० जणांचा रक्तदाब वाढलेला असेल, तर एकूण १६० पैकी ६० जण होतात. म्हणजे ३७.५ टक्के. ३० टक्क्यांचे ३७.५ झाले, इतर पुरुषांच्या ३५ टक्क्यांच्या वर गेले आणि निष्कर्ष चक्क उलटला! मोजमापात कुठेही चूक नव्हती. फक्त न भेटलेली माणसं हिशेबात नव्हती.

या प्रकाराला साथरोगशास्त्रात 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात, आणि सैनिकांच्या बाबतीत 'निरोगी सैनिक परिणाम'. कल्पना जुनी आहे. अंगमेहनतीच्या कामात मुळात धडधाकट माणसंच शिरतात आणि टिकतात, हे इंग्लंडमध्ये विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडतं त्यानं? बिघडतं. 'माजी सैनिक इतरांपेक्षा निरोगी' असा अहवाल एकदा छापला गेला की तालुक्यात त्यांच्यासाठी वेगळी तपासणी कशाला, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. पण गावातून दवाखान्यापर्यंत पोचू न शकणारा माणूस तुमच्या अभ्यासातूनही निसटला, तर त्याची अडचण कागदावर येणारच नाही.

मग सैनिकांवर संशोधन करूच नये का? उलट, वैद्यकशास्त्र त्यांचं मोठं देणं लागतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्रीस आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यात होते. खरं औषध मिळालेल्या ७३ जणांत गंभीर घटना २ घडल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या ७० जणांत २७. रक्तदाबावर उपचार केल्याने माणसं वाचतात हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा हा सुरुवातीचा अभ्यास. आज ग्रामीण रुग्णालयात मिळणाऱ्या बीपीच्या गोळीमागे या माजी सैनिकांचाही वाटा आहे.

पण त्यांची निवड कशी झाली तेही वाचा. सगळे पुरुष. शिवाय गोळ्या नियमित घेतात की नाही हे आधी तपासलं आणि न घेणाऱ्यांना वगळलं. संशोधकांनी हे लपवलं नाही, लिहून ठेवलं. त्यामुळे हा निकाल कोणाला कितपत लागू होतो याचा विचार पुढच्यांना करता आला.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवर विरळ हवेचा त्रास झालेल्या १,९२५ भारतीय सैनिकांच्या नोंदी १९६९ मध्ये प्रसिद्ध केल्या. उंचीवरच्या आजारांबद्दलचा हा महत्त्वाचा अभ्यास. पण तो निवडलेल्या, धडधाकट जवानांचा. साठीतल्या मावशी अमरनाथला निघाल्या तर तो त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

आता कामाचं. प्रस्ताव लिहिताना एवढं करा:

१. आधी यादी, मग शिबिर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे रीतसर परवानगी मागा. तिथे नोंद नसलेल्यांसाठी ग्रामपंचायत, आशाताई आणि गावातले इतर फौजी यांना विचारा. वारलेल्या सैनिकांच्या पत्नींकडूनही माहिती घ्या, नाहीतर जे जगले तेवढ्यांचाच अभ्यास होईल.

२. शक्य असेल तिथे सैनिकाची तुलना सैनिकाशी करा. उंचावर नोकरी केलेले आणि न केलेले, कारकुनी काम केलेले आणि पायदळातले. भरतीची चाळणी दोघांनाही लागलेली असते, म्हणून तुलना जास्त न्याय्य होते.

३. न भेटलेल्यांचा तक्ता द्या. किती जण, कोणत्या गावचे, अंदाजे वय, न भेटण्याचं कारण. मार्गदर्शक 'जागा वाया जाते' म्हणाले तरी आग्रह धरा.

४. संमती एकट्याची घ्या. 'सुभेदार साहेबांनी सांगितलंय' म्हणून रांगेत उभं राहणं ही संमती नव्हे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत, वरिष्ठांच्या दबावामुळे नाही म्हणणं जड जाऊ शकतं अशा लोकांत संरक्षण दलातले लोक येतात, आणि विद्यार्थीही! सरांनी सांगितल्यावर तुम्हाला नाही म्हणणं किती अवघड जातं ते आठवा. निवृत्त झाल्यावर हुकूम संपतो, सवय राहते.

५. रक्तदाब वाढलेला दिसला तर त्याच दिवशी सांगा, चिठ्ठी द्या, कुठे जायचं ते समजवा. काकांना तुमच्या पी-व्हॅल्यूचा काही उपयोग नाही, त्या चिठ्ठीचा आहे.

२ महिन्यांत १६० जण होणार नसतील तर ४ गावं घ्या, पण त्या ४ गावांतला प्रत्येक माजी सैनिक शोधा. शिबिराला आलेल्या १०० जणांपेक्षा असे शोधून काढलेले ४० जण जास्त खरं सांगतील. आणि उद्या अधिष्ठात्यांनी तुमच्या संशोधनाचं कौतुक केलं, तर सादरीकरणाची पहिली स्लाइड त्या तक्त्याची ठेवा: यादीत किती होते, भेटले किती, आणि बाकीचे कुठे आहेत.