ओवीतला नाताळ

नाताळ म्हटला की विलायती चालीच कानी पडतात. परंतु ज्या ओवीच्या नादावर आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंचे जाते फिरले, त्याच ओवीत फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने येशूजन्माची कथा सांगितली, आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात रोमन लिपीत छापले गेले. पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप दिले, आणि त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. माझ्या संग्रहातील एका जीर्ण भजनपुस्तिकेत नाताळगीताच्या शिरोभागी कोणी शिसपेन्सिलीने 'चाल : भूपाळी' एवढेच लिहिले आहे, ती लावून पाहिली, तो गव्हाणीतले बाळ मराठी पहाटेत जागे झाले. आपल्या दप्तरी अशी चोपडी अथवा आजीच्या कंठी अशी चाल असल्यास अवश्य कळवावे. नक्कल उतरवून सर्वांस देईन.