दारू सुटली, पुढे काय?



दारू सोडलेला माणूस गावोगाव भेटतो. सोडून दोन वर्षे झालेला मात्र शोधावा लागतो.

आमच्या गावात एक भाऊ आहे. नाव सांगत नाही. त्याने किती वेळा दारू सोडली याची मोजदाद नाही. एकदा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. एकदा गळ्यात माळ घालून सोडली. पोळ्याला सोडायची आणि आखाजीला धरायची, असे चालले होते. गाव हसे. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. त्याची बायको हसत नसे. कापूस वेचून आणलेले पैसे ती पिठाच्या डब्यात लपवी, नाहीतर शेजारणीकडे ठेवी.

तो खोटी शपथ घेत होता का? नाही. शपथ घेताना तो खराच होता. पण शपथ जन्मभराची, आणि तलफ येते रोज संध्याकाळी. त्या एका तासाला काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आधी एक धोक्याची गोष्ट सांगतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. नंतर नसलेली माणसे दिसू लागतात. मग घरचे म्हणतात, बाहेरचे काही झाले, आणि अंगारा लावत बसतात. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टरकडे न्यावे. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करून फुकट सल्ला मिळतो. आणि माय-बहिणींनो, दारू सोडवायची गोळी नवऱ्याच्या चहात चोरून घालू नका. वर तो दारू प्याला तर जिवावर बेतते.

दवाखान्यात अंगातली दारू उतरते. खरे काम त्यानंतर आहे. हे काम आपल्या खानदेशाने फार पूर्वी करून पाहिले आहे.

तळोदे तालुक्यात मोरवड नावाचे गाव आहे. तेव्हा तो पश्चिम खानदेश होता. पुढे धुळे जिल्हा झाला आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्हा आहे. तिथे १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराज नावाचे भिल्ल समाजातले सत्पुरुष होऊन गेले. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, असे ते सांगत. दर सोमवारी आरती होई. हजारो आदिवासी डोंगरातून पायी येत. १९३८ साली महाराज वारले, आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले.

आरतीवर तुमचा विश्वास असो वा नसो, दर सोमवार हा शब्द ध्यानात घ्या. आठ दिवस झाले की पुन्हा सर्वांसमोर यायचे. पुढचा सोमवार जवळच असतो. तेवढे दिवस निभावता येतात. आणि ज्याला कोणी अरे-तुरेशिवाय बोलत नव्हते, त्याला तिथे ‘आप’ म्हणत. ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

दूर अमेरिकेतही असेच घडले. १९३५ साली एक माणूस कामासाठी परगावी गेला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. काम फसले. हॉटेलात एकटा उभा, आणि बाजूलाच दारूचे दुकान. त्याने काय केले? फोन करकरून गावातला एक दारुडा शोधून काढला. तो निघाला डॉक्टर! दोघे तासन् तास बोलत बसले. त्या बैठकीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. आज महाराष्ट्रातही त्यांच्या सभा मराठीत होतात. फी नाही. आडनाव विचारत नाहीत. फक्त आजचा दिवस पिऊ नकोस, उद्याचे उद्या, असे ते सांगतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण केंद्र काढले. तिथेही बरे झालेले लोकच नव्यांना सांभाळतात.

आता आमच्या भाऊकडे येऊ. दवाखान्यातून आल्यावर त्याने रस्ता बदलला. गुत्त्यावरून येणे बंद, मळ्याच्या वाटेने येणे सुरू. लांब पडते, पडू दे. आल्याबरोबर आंघोळ आणि लगेच भाकर, कारण रिकाम्या पोटी तलफ जोर करते. मजुरी घरी आणून बायकोच्या हाती. मग आमच्या ओट्यावर. दारू सोडलेले आणखी दोघे तिथे येतात. चहा होतो. कोणी पाऊसपाण्याचे बोलतो, कोणी मनातले. आम्ही उपदेश करत नाही. चाळीस वर्षे केला, मुलांनी किती ऐकला ते ठाऊक आहे.

बाजाराच्या दिवशी तो एकटा जात नाही. लग्नाची वरात निघाली की जेवून घरी येतो.

तरी तो एकदा घसरला. सातव्या महिन्यात, चुलतभावाच्या हळदीला. पाहुण्यांनीच आग्रह केला. “एक घोट घे, काय होते?” असा आग्रह करणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर आला नाही. तेव्हा ते दोघे त्याच्या घरी गेले. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. “चल, चहा निवतो आहे,” म्हणाले. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली.

त्याची सासरी दिलेली लेक चार वर्षे आखाजीला माहेरी आली नव्हती. बापाचा तमाशा पाहवत नाही म्हणे. यंदा आली. दारच्या निंबाला झोका बांधायचा होता. दोर घेऊन भाऊ स्वतः झाडावर चढला. खालून बायको ओरडत होती, “जपून बांधा!”