पेशीतला पहारेकरी

तासभर उन्हात उभे राहिलात तरी त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा होते. बहुतेक वेळा ती दुरुस्त होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. या कामावर देखरेख ठेवणारे एक प्रथिन म्हणजे पी-५३. १९७९ मध्ये ते सापडले, तेव्हा ते कर्करोगाला हातभार लावते असा समज होता. दहाएक वर्षांनी उलगडा झाला, की ते कर्करोग रोखते.

ही ३९३ अमिनो आम्लांची साखळी. एरवी एमडीएम-२ हे प्रथिन तिची सतत विल्हेवाट लावते. डीएनए तुटला, की ही विल्हेवाट थांबते. मग चार साखळ्या एकत्र येऊन डीएनएवरच्या ठरावीक जागा पकडतात आणि तिथली जनुके सुरू करतात. त्यातले पी-२१ पेशीचे विभाजन थांबवते. दुरुस्तीला उसंत मिळते. इजा हाताबाहेरची असेल, तर दुसरी जनुके पेशीला आत्मनाशाकडे नेतात.

माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चे जनुक बिघडलेले आढळते. हत्तीकडे त्याच्या सुमारे ४० प्रती असतात; आपल्याकडे आई-वडिलांकडून आलेल्या दोनच. विडी-सिगारेटच्या धुरातली रसायने त्यांच्यावरही घाव घालतात. पुढची काडी ओढण्याआधी एवढे आठवा.